योहान पालिसा आणि डोळ्याने शोधलेले १२२ लघुग्रह

प्रश्न थोडक्यात असा आलाय: योहान पालिसा नावाच्या ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर नुसत्या डोळ्याने शोधलेले १२२ लघुग्रह आहेत, पण त्या काळी बहुतेक लघुग्रह सापडायचेच बाकी होते, दुर्बीण फिरवली की एखादा हाती लागत असणार, मग यात एवढं कौतुक कशाचं? आणि फोटोग्राफी आल्यानंतरही तो आयपीसलाच डोळा लावून बसला, हा हट्टीपणा नाही का?

मी बरीच वर्षं लघुग्रहांच्या पोझिशन्स मोजायचं काम करतोय, म्हणजे कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे, सॉफ्टवेअरने मोजायचे आणि आकडे मायनर प्लॅनेट सेंटरला, म्हणजे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक कार्यालयाला, पाठवायचे. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

आधी "नुसत्या डोळ्याने"चा अर्थ. दुर्बीण होतीच, फक्त फोटोची काच नव्हती. आयपीसमधून बघायचं, दिसलेलं नकाशाशी ताडून बघायचं आणि जागा मायक्रोमीटरने (दुर्बिणीला जोडलेलं, स्क्रू फिरवून बारीक अंतर मोजायचं यंत्र) मोजून वहीत लिहायची, या पद्धतीने पालिसाइतके लघुग्रह दुसऱ्या कोणीच शोधलेले नाहीत. पहिला १८ मार्च १८७४ ला, १३६ ऑस्ट्रिया (नावाआधीचा आकडा म्हणजे लघुग्रहाचा क्रमांक). शेवटचा १९२३ मध्ये, १०७३ गेलिवारा. एकोणपन्नास वर्षं!

आता "रिकामं आकाश" या मुद्द्याकडे येतो, कारण हा गैरसमज आमच्या क्षेत्रात नवीन आलेल्या मुलांचाही असतो. लघुग्रह दुर्बिणीतून लघुग्रहासारखा दिसत नाही हो. तो ताऱ्यासारखाच दिसतो, बारीक ठिपका, बस. शेजारी तसेच शेकडो ठिपके. फरक एवढाच की हा एक ठिपका सरकतो, आणि तोही किती, तर मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर विरुद्ध बाजूला तो असताना, तासाला साधारण तीसेक आर्कसेकंद वक्री सरकतो. चंद्राची थाळी सुमारे अठराशे आर्कसेकंदांची असते, त्यावरून अंदाज करा. तासभर बघत बसलात तर चंद्राच्या रुंदीच्या साठाव्या भागाएवढी हालचाल. म्हणजे मुळात कुठल्या ठिपक्याकडे तासभर बघायचं हेच माहीत नसेल तर जन्म गेला तरी सापडणार नाही.

मग पालिसा काय करायचा? क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेच्या, आजूबाजूचा पट्टा, जिथे लघुग्रह असायची शक्यता सगळ्यात जास्त, तिथले ताऱ्यांचे नकाशे घेऊन बसायचं. नकाशातला तारा, दुर्बिणीतला तारा, पुढचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात मोजायची, थोड्या वेळाने परत मोजायची, ढग आले तर दुसऱ्या रात्री. बहुतेक वेळा काय निघतं? नकाशाच चुकीचा किंवा अपुरा. तारा तिथेच असतो, नकाशा करणाऱ्याने सोडलेला असतो. अशा शंभर ठिपक्यांतला एखादा खरंच हलतो. आणि हललाच तर दुसरा प्रश्न, हा नवीन की जुनाच कोणीतरी रस्ता चुकून इथे आलाय? १८८० च्या दशकात ओळखीचे लघुग्रह दोनशेच्या वर गेले होते, प्रत्येकाची कक्षा हाताने मांडायची, त्यात गुरूचं गुरुत्वाकर्षण प्रत्येकाला थोडं थोडं खेचत असणार, ते सगळं धरून अमुक रात्री अमुक जागी असा तक्ता बर्लिनला माणसं बसून करायची, आणि तो तक्ताही बऱ्याचदा बाजूला सरकलेला असायचा.

माझाच एक किस्सा सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत चार फोटोंमध्ये एक ठिपका छान सरळ रेषेत सरकताना दिसला, सॉफ्टवेअर म्हणतंय इथे कोणीच नाही, मी रात्रभर हवेत. सकाळी लक्षात आलं की कॉम्प्युटरमधली कक्षांची फाइल कित्येक महिने अपडेटच केलेली नव्हती, आणि तो ठिपका म्हणजे क्रमांक वगैरे मिळालेला चांगला ओळखीचा गडी होता. माझ्याकडे एका क्लिकवर ताजी फाइल उपलब्ध असताना ही गत, पालिसाकडे छापलेला तक्ता आणि स्वतःची डोकेफोड एवढंच होतं. त्यामुळे "कोणीही शोधले असते" हे ऐकलं की मला हसू येतं. दुर्बिणी तेव्हाही खूप जणांकडे होत्या की!

बरं, हा माणूस होता कोण. जन्म ६ डिसेंबर १८४८, ट्रोपाऊ गावी, तेव्हाच्या ऑस्ट्रियन सायलेशियात. आज ते चेक प्रजासत्ताकातलं ओपावा. पुढे दोन लघुग्रहांना त्याने आपल्या मुलखाची नावं दिली, २५५ ओपाविया आणि २५७ सिलेशिया. व्हिएन्ना विद्यापीठात गणित आणि खगोलशास्त्र शिकला, पण पदवीचं काम अर्धवट सोडून वेधशाळेत नोकरीला लागला, आधी व्हिएन्ना, मग थोडा काळ जिनिव्हा. आणि १८७२ मध्ये, वय अवघं २४ च्या आत-बाहेर, ऑस्ट्रियन नौदलाच्या पोला इथल्या वेधशाळेचा थेट डायरेक्टर. पोला म्हणजे आजचं क्रोएशियातलं पुला, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर. पदवी मात्र १८८४ मध्ये पूर्ण केली, तोपर्यंत खात्यावर चाळीसच्या आसपास लघुग्रह जमा झालेले होते. परीक्षकांची काय अवस्था झाली असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

पोलाला त्याच्याकडे सहा इंची रिफ्रॅक्टर, म्हणजे सहा इंच रुंद भिंगाची दुर्बीण, होती. परत वाचा, सहा इंची. आज हौशी लोकांकडे सर्रास असते त्या आकाराची. त्यावर सहा-सात वर्षांत २८ लघुग्रह आणि १८७९ मध्ये एक धूमकेतू. ही यादी आज बघितली तर थक्क व्हायला होतं, कारण त्यातले कित्येक पुढे स्वतःच अभ्यासाचे विषय बनले. १५३ हिल्डा घ्या. हा गुरूच्या तीन फेऱ्यांबरोबर... नाही थांबा, उलटं सांगतोय, गुरूच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात याच्या तीन, असा ताल धरून फिरतो, आणि त्याच तालावरचे हजारो लघुग्रह नंतर सापडले, त्या सगळ्यांना आज हिल्डा गटच म्हणतात. २१६ क्लिओपात्रा, रडारने बघितल्यावर कुत्र्याला देतात त्या हाडासारखा आकार निघाला, दोन्ही टोकांना फुगीर आणि मधे बारीक, शिवाय दोन चंद्र. १४२ पोलाना, गावाच्या नावावरून ठेवलेलं साधंसुधं नाव, पण त्याच्या आजूबाजूच्या लघुग्रहांच्या कुटुंबातूनच बेनू आणि र्‍युगू आले असावेत असा आजच्या बऱ्याच संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे ज्या दोन लघुग्रहांची माती अंतराळयानांनी पृथ्वीवर आणली त्यांचं मूळ घर कदाचित तिथलं.

आणि हो, १४० सिवा. आपल्याकडची मंडळी यादीत हे नाव बघून खूश होतात, शंकराच्या नावाचा लघुग्रह म्हणून. तो शिव नाही. ती झिवा नावाची स्लाव्ह देवता आहे. पण नाराज व्हायचं कारण नाही, सीता खरीच आहे, तिच्याकडे येतोच.

१८८० मध्ये पालिसाने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, शोधांपेक्षाही. व्हिएन्नाला नवीन विद्यापीठ वेधशाळा उभी राहत होती, तिथे डब्लिनच्या ग्रबने बनवलेली २७ इंची रिफ्रॅक्टर बसणार होती, पूर्ण झाली तेव्हा जगातली सगळ्यात मोठी रिफ्रॅक्टर. शिवाय अमेरिकेतल्या क्लार्कने बनवलेली एक १२ इंची. पण डायरेक्टरची जागा त्याच्यासाठी नव्हती, ती एडमुंड वाइस यांच्याकडे. पालिसाला मिळणार होती खालची जागा. त्याने पोलाची डायरेक्टरकी सोडली आणि खालच्या जागेवर गेला. साधा हिशोब असणार. डायरेक्टर म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब, माणसं सांभाळणं, त्यात नौदलाची वेधशाळा म्हणजे वेळेचं आणि नौकानयनाचं काम आलंच. त्याच्या बदल्यात इथे काय, तर मोठं भिंग आणि रात्री मोकळ्या. प्रमोशन नाकारणारे लोक बघितलेत मी, पण मिळालेली खुर्ची सोडून खाली उतरणारा विरळाच.

व्हिएन्नात त्याने उरलेले ९४ शोधले. (गंमत म्हणजे बऱ्याच लोकांना वाटतं की सगळे २७ इंचीवर शोधले असतील. मोठी रिफ्रॅक्टर म्हणजे एका वेळी आकाशाचा अगदी चिमूटभर तुकडा दिसणार, नुसतं चाळायला ती सोयीची नसते. ती कामाची कुठे, तर अंधुक झालेल्याचा माग काढायला, पाठलाग करायला. हे पुढे येतंय.)

मधेच एक सफर. ६ मे १८८३ चं खग्रास सूर्यग्रहण पॅसिफिक महासागरात कॅरोलाइन बेटावरून दिसणार होतं, खग्रास अवस्था पाच मिनिटांच्या वर. फ्रेंचांची मोहीम जान्सेन यांच्या नेतृत्वाखाली निघाली, त्यात पालिसाही. काम दिलेलं व्हल्कन शोधायचं. तेव्हा बुधाच्या कक्षेत एक छोटासा फरक दिसायचा, हिशोब जुळत नव्हता, म्हणून ल व्हेरिए यांनी सूर्याच्या आणखी जवळ एक ग्रह असावा असं मांडलं होतं, त्याचं नाव व्हल्कन. ग्रहणात सूर्य झाकला की दिसेल ही आशा. अख्ख्या जगातून ज्याची नजर अनोळखी ठिपका पकडण्यात तयार झालेली आहे तो माणूस तिथे बसला, आणि त्याने सांगितलं, काही नाही. माझ्या मते त्याचा हा "नाही" त्याच्या कुठल्याही शोधाइतकाच वजनदार. बुधाचा तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनने नवीन गुरुत्वाकर्षण मांडून सोडवला, ग्रहाची गरजच उरली नाही. परत येताना या पठ्ठ्याने व्हिएन्नाच्या म्युझियमसाठी बेटावरचे किडेही गोळा करून आणले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सापडलेल्या लघुग्रहाचं नाव ठेवलं २३५ कॅरोलिना.

ग्रहणाचं वेड तेव्हापासून लागलं असावं, कारण पुढच्या, २९ ऑगस्ट १८८६ च्या ग्रहणाला जायचं ठरवलं, पण पैसे नाहीत. तर याने काय करावं? १८८५ मध्ये एका ब्रिटिश खगोल नियतकालिकात जाहिरात: २४४ क्रमांकाच्या लघुग्रहाला नाव द्यायचा हक्क पन्नास पौंडांना विकणे आहे. गंभीर मंडळींना हे फारसं रुचलं नसणारच. २४४ चं नाव पुढे सीता ठेवलं गेलं, आपली रामायणातली सीता. पन्नास पौंडांचं गिऱ्हाईक भेटलं ते २५० क्रमांकासाठी, बॅरन आल्बर्ट फॉन रोथशिल्ड, बँकवाल्या घराण्यातला, त्याने बायकोचं नाव दिलं, बेटिना. हा आल्बर्ट लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

इथे एक सूचना करून ठेवतो कारण मला हे दर महिन्याला कोणीतरी विचारतं: आज लघुग्रहाचं नाव विकत मिळत नाही. शोध पक्का झाला, कक्षा पक्की झाली, क्रमांक मिळाला की शोधणाऱ्याला दहा वर्षं नाव सुचवायचा मान असतो, नाव १६ अक्षरांच्या आत हवं, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती ते मंजूर करते. इंटरनेटवर सर्टिफिकेट विकतात ते फ्रेम करून भिंतीवर लावायला चांगलं, बाकी त्याला अर्थ नाही.

आता फोटोग्राफीचा मुद्दा, कारण प्रश्नातला खरा टोला तिथे आहे.

२२ डिसेंबर १८९१ ला हायडेलबर्गच्या माक्स वोल्फने फोटोच्या काचेवर ३२३ ब्रुसिया पकडला, फोटोवरून सापडलेला पहिला लघुग्रह. पद्धत सोपी आणि भयंकर परिणामकारक: दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरत ठेवायची, काच दोन-दोन तास उघडी, तारे ठिपके होऊन उमटतात आणि लघुग्रह मधल्या काळात सरकल्यामुळे छोटी रेघ होऊन उमटतो. नकाशा पाठ नको, तासनतास ताडून बघणं नको. वोल्फच्या नावावर शेवटी २४८ लागले, पालिसाच्या दुप्पट. आणि याच्या दोन महिन्यांनंतर, फेब्रुवारी १८९२ मध्ये, पालिसाने डोळ्याने ३२४ बाम्बेर्गा शोधला. हा बाम्बेर्गा एक वेगळीच गंमत आहे, कधी कधी तो आठव्या प्रतीपर्यंत उजळतो, म्हणजे बायनॉक्युलरमधून दिसेल इतका, आणि तरी ९० वर्षं सगळ्यांच्या हातून निसटला, कारण त्याची कक्षा इतकी लंबगोल आहे की बहुतेक प्रतियुतींना तो लांब आणि अंधुक असतो. पालिसाने पकडला खरा, पण वारं फिरलं होतं. त्या वर्षानंतर बरीच वर्षं त्याच्या नवीन शोधांची गाडी थंडावली.

मग हट्ट होता का? नाही. मी स्वतः कॅमेरावाला आहे तरी सांगतो, नाही.

काचेची एक अडचण होती. लघुग्रह सरकतो म्हणून त्याचा प्रकाश काचेवर एका जागी साठत नाही, रेघेवर पसरतो. ताऱ्याच्या बाबतीत दोन तास म्हणजे दोन तासांचा प्रकाश एकाच बिंदूवर, लघुग्रहाच्या बाबतीत मात्र प्रत्येक बिंदूवर काही मिनिटांचाच. त्यामुळे अंधुक लघुग्रह काचेवर उमटतच नाही, मात्र २७ इंची रिफ्रॅक्टरला डोळा लावला तर दिसतो. (अमेरिकेत जोएल मेटकाफने १९०५ च्या सुमारास याच्यावर उपाय काढला, काचच लघुग्रहाच्या अंदाजे वेगाने सरकवायची, म्हणजे लघुग्रह ठिपका आणि तारे रेघा. आज आम्ही फोटो एकावर एक सरकवून रचतो ती युक्ती तीच, फक्त सरकवायचं काम कॉम्प्युटर करतो.) दुसरी गोष्ट, काच धुवा, वाळवा, मोजणीच्या यंत्रावर ठेवा, मग आकडा. आयपीसवाला मायक्रोमीटरने तिथल्या तिथे आकडा घेऊन मोकळा.

आणि तिसरी गोष्ट, जी बाहेरच्यांना कळत नाही. शोधणं म्हणजे लघुग्रह मिळणं नव्हे. एका रात्रीचे दोन-तीन आकडे म्हणजे काहीच नाही, त्यातून कक्षा निघत नाही. काही आठवडे तरी पाठलाग हवा, मग पुढच्या प्रतियुतीला, साधारण सव्वा-दीड वर्षाने, तो परत सापडायला हवा, मग कुठे तो आपला. आणि या पाठलागात लघुग्रह दिवसेंदिवस पृथ्वीपासून लांब जात अंधुक होत जातो, म्हणजे शोधताना जो दिसला तो नेमका मोजायच्या वेळी काचवाल्यांच्या हाताबाहेर. फोटोवाल्यांनी रेघांचा ढीग लावला तो सांभाळणार कोण हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. मोठी रिफ्रॅक्टर, तयार डोळा आणि जाग्यावर मोजणी, हे सगळं एकत्र होतं व्हिएन्नाला. वोल्फ सापडवायचा, पालिसा अंधुक झाल्यावरही पिच्छा पुरवायचा. स्पर्धक म्हणून सुरू झालेले दोघं भागीदार झाले. १९०८ पासून दोघांचे फोटोवरून बनवलेले ताऱ्यांचे नकाशे निघायला लागले, पालिसा-वोल्फ नकाशे म्हणून ओळखले जातात, म्हणजे बघा, ज्या फोटोग्राफीने त्याचा धंदा बसवला म्हणतात तिच्याकडूनच त्याने स्वतःच्या डोळ्यासाठी चांगला नकाशा करून घेतला. पुढे पालिसाने एका लघुग्रहाला ८२७ वोल्फियाना नाव दिलं, वोल्फने ९१४ पालिसाना. असल्या परतफेडी आमच्या क्षेत्रात अजूनही चालतात, छान वाटतं.

आता त्याच्या पकडीतूनही सुटलेला एक. ३ ऑक्टोबर १९११, पालिसाला एक विचित्र वेगाचा ठिपका दिसला, मुख्य पट्ट्यातल्यांपेक्षा चांगलाच पळणारा. पृथ्वीच्या जवळ येणाऱ्या जातीचा होता, तेव्हा असा फक्त एकच माहीत होता, ४३३ इरॉस. त्याला क्रमांक ७१९ मिळाला आणि नाव आल्बर्ट, तोच बॅरन आल्बर्ट रोथशिल्ड, व्हिएन्ना वेधशाळेला मदत करणारा, त्याच वर्षी वारला होता. पण लघुग्रह जेमतेम दोन-तीन किलोमीटरचा, झपाट्याने अंधुक झाला, थोड्याच दिवसांचे वेध हाती आले, आणि तेवढ्यावरून काढलेली कक्षा ढिली. पुढच्या वेळी ठरलेल्या जागी कोणीच नाही.

हे हरवणं काही नवीन नव्हतं, पहिलाच लघुग्रह सेरेस १ जानेवारी १८०१ ला सापडला आणि लगेच सूर्यामागे जाऊन हरवला, गाउसने नवीन गणित काढलं तेव्हा वर्षाअखेरीस परत मिळाला. पण आल्बर्ट वर्षभरात मिळाला नाही, दहा वर्षांत नाही, पालिसा गेला, वोल्फ गेला, दोन महायुद्धं झाली, लघुग्रहांचं कार्यालय आधी अमेरिकेत सिनसिनाटीला निघालं मग तिथल्याच केंब्रिजला गेलं, एकेक करत हरवलेले सगळे सापडले, १९९१ मध्ये ८७८ मिल्ड्रेडही सापडला, आणि क्रमांक असून बेपत्ता असलेला एकटा ७१९ आल्बर्ट उरला. १ मे २००० ला अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेत, लघुग्रह शोधणाऱ्या स्पेसवॉच प्रकल्पात जेफ्री लार्सनने एक लघुग्रह टिपला, नवीन समजून २००० जेडब्ल्यू८ असा तात्पुरता क्रमांकही मिळाला, मग मायनर प्लॅनेट सेंटरच्या गॅरेथ विल्यम्सने कक्षा मागे नेऊन बघितली आणि ती पालिसाच्या १९११ च्या आकड्यांवर जाऊन बसली. साडेअठ्ठ्याऐंशी वर्षांनी. यात मला काय भावतं सांगू, जुळवणी करता आली कारण ते जुने आकडे बरोबर होते. थोडे होते पण बरोबर होते. ऑक्टोबरच्या रात्री मायक्रोमीटरचा स्क्रू फिरवत घेतलेल्या आकड्याशी एकविसाव्या शतकाच्या तोंडावर कॉम्प्युटर सहमत होतो, ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?

आम्हा लोकांना त्यामुळे एक सवय लागते. एका रात्रीचे वेध पाठवले आणि दुसऱ्या रात्री ढग आले तर ते आकडे आयसोलेटेड ट्रॅकलेट फाइल नावाच्या ढिगात जाऊन पडतात, बेवारस. वाईट वाटतं, पण आकडा चोख असला तर तो वाया जात नाही, कधीतरी कोणीतरी मागे येऊन त्याला जोडतो. माझे तसले बरेच आहेत तिथे.

पालिसाच्या बाकीच्या मंडळींचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, कारण त्याला स्वतःला हे कधीच दिसलं नाही. त्याच्यासाठी सगळे ठिपकेच राहिले. २४३ इडा, सप्टेंबर १८८४ चा, त्याच्याजवळून २८ ऑगस्ट १९९३ ला गॅलिलिओ यान गेलं आणि फोटो तपासताना शेजारी दीडेक किलोमीटरचा चंद्र निघाला, डॅक्टिल, लघुग्रहालाही चंद्र असतो याचा पहिला पक्का पुरावा. २५३ माथिल्डे, १८८५ चा, त्याच्याजवळून २७ जून १९९७ ला निअर यान गेलं. कोळशासारखा काळा, पडलेल्या प्रकाशातला चारेक टक्केच परत पाठवणारा, आणि घनता पाण्याच्या सव्वापटीच्या आसपास, म्हणजे आत पोकळ्याच पोकळ्या. काळा म्हणून त्याच्यावरच्या खड्ड्यांना जगभरच्या कोळसा खाणींच्या भागांची नावं दिलीत, त्यात एक दामोदर आहे, आपला दामोदर खोऱ्यातला. आता संयुक्त अरब अमिरातीचं यान निघायचंय, त्याचा शेवटचा मुक्काम २६९ जस्टिशिया, तोही पालिसाचाच, १८८७ चा, कमालीचा लालसर रंग असलेला.

तो १९१९ मध्ये निवृत्त झाला, सत्तरी उलटलेली, पण वेधशाळेत बसून वेध घ्यायची परवानगी ठेवून घेतली आणि घेतच राहिला. गेलिवारा सापडला तेव्हा वय ७४. २ मे १९२५ ला व्हिएन्नातच गेला. गेलिवाराला नाव मिळालं ते त्याच्या माघारी. स्वीडनच्या उत्तरेला येलिव्हारे म्हणून गाव आहे, १९२७ चं खग्रास ग्रहण बघायला खगोलशास्त्रज्ञ तिथे जमले होते, त्या गावावरून.